टाकीतली चाळीस मिनिटं

४ ऑगस्ट

ताई,

सा. न.

तीनदा फोन केलास, तिन्ही वेळा उचलला नाही, म्हणून फणफणली असशील. हल्ली फोनवर मला धड बोलता येत नाही. लक्ष तुटतं. त्यापेक्षा पत्र बरं. हसायचं तर हस, पण उत्तर लिही.

एक काम आहे. इथे पाणीपुरवठा खात्याची जमिनीखालची जुनी टाकी आहे, वीस वर्षं कोरडी. आत नुसते खांब. एक टाळी वाजवली तर ती विरायला अकरा सेकंद लागतात, मी घड्याळ लावून मोजलंय. आता तिथे प्रदर्शनं भरतात आणि नोव्हेंबरमधले दोन आठवडे मला मिळालेत. चाळीस मिनिटांचा आवाज करायचाय. गाणंबजावणं नाही. एखाद्या खोलीतला आवाज टाकीत वाजवायचा, टाकी त्याला कशी घुमवते ते रेकॉर्ड करायचं, मग तेच पुन्हा टाकीत वाजवायचं. असं वीस-पंचवीस वेळा. दर वेळी मूळ आवाज थोडा झडतो आणि टाकीला मानवतात तेवढेच सूर उरतात. शेवटी भांडं पडलं होतं की दार लागलं होतं ते कळतसुद्धा नाही. नुसती गुणगुण राहते.

पण सुरुवातीला खोली लागते. मला आपलं घर हवंय. पार्सलमध्ये रेकॉर्डर पाठवलाय. लाल बटण दाबायचं, तो खाली ठेवायचा आणि खोलीबाहेर जायचं. स्वयंपाकघर, जिना आणि बाबांची खोली, प्रत्येकी वीस मिनिटं. बाबांच्या हवेच्या गादीचा तो पंप चालू असला तरी असू दे, मला चालेल.

बाबा कसे आहेत? वर्ष झालं मी आलो नाही, आठवण करून देऊ नकोस. थकलोय गं. काम फार आहे असंही नाही.

तुझा,
धाकटा


१९ ऑगस्ट

चि. धाकट्यास,

अ. आ.

पार्सल मिळालं. तुझं यंत्र माझ्या चष्म्याच्या डबीएवढं आणि त्याची माहितीपुस्तिका वर्तमानपत्राएवढी. चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, त्यामुळे आधी पुस्तिकेतल्या चुका काढल्या (अकरा निघाल्या), मग बटण शोधलं.

एक्कावन्न वर्षांचा झालास आणि बहिणीला सांगतोस, खोलीत नसलेल्या माणसाचा आवाज पकड. बरं, पकडला. स्वयंपाकघरात फ्रिज आहे, तो मधूनमधून खाकरतो. जिन्यावर शेजारचे मास्तर चढून आले आणि यंत्र बघून बॉम्ब आहे का म्हणाले, ते आलं असेल, पुसून टाक. बाबांच्या खोलीत ठेवलं आणि दार ओढून घेतलं. वीस मिनिटं दाराबाहेर स्टुलावर बसून होते. वीस मिनिटं नुसतं बसायला किती वेळ लागतो ते त्या दिवशी कळलं.

बाबा आहेत तसे आहेत. त्यांचं सगळं वेळच्या वेळी होतंय. तू काळजी करू नकोस.

यंत्र आणि कार्ड परत पाठवते आहे. आता फोन उचल. हातात पेन धरलं की मला वाटतं कोणाच्या तरी चुका काढायच्या आहेत.

तुझी,
ताई


२८ ऑगस्ट

ताई,

सा. न.

कार्ड मिळालं. फ्रिज फार छान खाकरतो. मास्तरांना पुसलेलं नाही. त्यांचा 'बॉम्ब' टाकीत सहाव्या फेरीपर्यंत टिकला, मग त्याचा नुसता 'ब' उरला.

बाबांच्या खोलीचं रेकॉर्डिंग मात्र पुन्हापुन्हा ऐकलं. एवढी शांतता मी त्या खोलीत कधीच ऐकली नव्हती. अगदी काही नाही. म्हणजे किती स्वच्छ! सगळी चाळीस मिनिटं याच खोलीवर उभी करायचं ठरवलंय.

हे तू कसं जमवलंस ते मात्र कळव.

तुझा,
धाकटा


३ सप्टेंबर

धाकट्या,

पत्र वाचलं. 'कसं जमवलंस ते कळव.' टोमणाच मारायचा तर सरळ मारायचा होतास. तुझ्या कानातून काही सुटणार नाही हे मला ठाऊक असायला हवं होतं. फ्रिज आणि जिना पाठवून तिसऱ्या खोलीचं काही तरी कारण सांगायचा विचार केला होता. मग म्हटलं, पाठवावं. कदाचित तुला न लिहिता कळावं असंच वाटत असेल मला.

बाबा घरी नाहीत. दहा जूनपासून शुश्रूषा केंद्रात आहेत, बसने चाळीस मिनिटांवर. मी एक दिवसाआड जाते.

मेच्या शेवटी मी त्यांना खुर्चीतून पलंगावर घेत होते. रोजचंच काम. त्या दिवशी माझी कंबर लचकली आणि आम्ही दोघं खाली पडलो. त्यांचा उजवा पाय माझ्या अंगावर. मला उठता येईना, त्यांना तर प्रश्नच नाही. भर दुपारी दोन तास आम्ही फरशीवर पडून होतो. मी म्हणत होते, येईल हं कोणीतरी. ते म्हणत होते, राहू दे. तुला माहीत आहे, झटका आल्यापासून त्यांच्याकडे तेवढेच दोन शब्द उरलेत. पाणी हवं तरी राहू दे, दुखलं तरी राहू दे. पण त्या दिवशी मला वाटलं, या खेपेला ते खरंच तेच म्हणताहेत. शेवटी मास्तर वर्तमानपत्र परत द्यायला आले, त्यांनी उचललं.

डॉक्टर म्हणाल्या, दोघांपैकी एक तरी उभा राहायला हवा. मी सही केली. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, 'तुला योग्य वाटेल ते कर ताई,' आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

पंप मी धुऊन, पुसून कपाटात ठेवलाय. ती खोली अशी स्वच्छ झाली. आता बोल काय बोलायचं ते.

ताई


१० सप्टेंबर

ताई,

टोमणा नव्हता. शपथ. आता मला खरं लिहावं लागणार.

त्या पंपाची बारीक शिट्टी मला आठवते आहे. गेल्या वर्षी आलो होतो तेव्हा तिच्यामुळे मी बाहेरच्या खोलीत झोपलो होतो. तुझं रेकॉर्डिंग लावलं आणि शिट्टी ऐकू येईना. हेडफोन बदलले, आवाज वाढवला. नाहीच. मला वाटलं, शिट्टी आहे, माझाच कान गेलाय. म्हणून 'किती शांतता, कसं जमवलंस' असं लिहिलं. तू 'अरे, पंप तर चालू होता' म्हणतेस का ते बघायचं होतं. ताई, मी तुझ्याकडून स्वतःचा कान तपासून घेत होतो आणि तू समजलीस मी तुला तपासतोय.

फेब्रुवारीत कानाच्या डॉक्टरकडे गेलो. उजव्या कानातले वरचे सूर संपले आहेत, डाव्यातले निघालेत. फोनवर समोरचा 'स' म्हणतो की 'त' म्हणतो कळत नाही. फोन न उचलण्याचं कारण तेवढंच. बाबा बॉयलरवर हातोडी मारून आवाजावरून भेग ओळखायचे आणि त्यातच कान घालवून बसले. मी जन्मभर गप्प खोल्या ऐकल्या, तरी माझे गेले. कोणाला सांगू? माझं पोट यावर आहे. टाकीवाल्यांना कळलं तर ते काय, आंधळ्याच्या हाती गाडी दिली म्हणतील.

बाबांबद्दल. आधी राग आला, तो लपवत नाही. मग दोन तास फरशीवर, हे पुन्हा वाचलं. 'तुला योग्य वाटेल ते कर' असंच मी म्हणालो असतो. तेच शब्द. तू ते न ऐकता सही केलीस ते बरं केलंस.

सोबत कार्ड पाठवतोय. रिकाम्या खोलीपासून टाकीच्या बावीस फेऱ्या, चाळीस मिनिटं. ती खोली वापरू ना? आणि एकदा ऐकशील? चांगलं की वाईट सांगू नकोस. प्रुफं तपासतेस तसं तपास. मला जे ऐकू येत नाही ते तिथे काय आहे, एवढं लिही.

धाकटा


२४ सप्टेंबर

चि. धाकट्यास,

अ. आ.

आधी खोलीचं. वापर. पण पाटीवर 'माझ्या वडिलांची खोली' असलं काही लिहू नकोस. ते अजून आहेत.

मास्तरांच्या मुलीचे हेडफोन मागून आणले. चार वेळा ऐकलं. पहिल्यांदा तर मला वाटलं यंत्र सुरूच झालं नाही. नोंदी अशा:

मिनिट २ ते ५. कोणीतरी रिकाम्या पिंपाच्या तोंडाशी हळू श्वास सोडतंय असं. चांगलं आहे. (चांगलं म्हणू नको म्हणालास, तरी म्हणते.)

मिनिट ९. एक जाड सूर येतो आणि बसतो. पाहुणा आल्यासारखा. उठतच नाही.

मिनिट १४. त्याच्या शेजारी दुसरा. दोघांचं पटत नाही, म्हणून आवाज हलल्यासारखा होतो. माझ्या छातीत हललं.

मिनिट २६ च्या पुढे सगळं एक होतं आणि आपण ऐकतोय की नुसते बसलोय ते कळत नाही.

आता ते सांगते. पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत वर एक बारीक, धारदार किरकिर आहे. दातांच्या दवाखान्यात असते तशी. सुरुवातीला मुंगीएवढी, शेवटी सहन होत नाही. मला वाटलं माझं वय. मास्तरांच्या मुलीला ऐकवलं, तिने दहाव्या मिनिटाला हेडफोन काढून कान चोळले. ही शिट्टी आपल्या खोलीतली नाही. मी नीट ऐकलंय. ती तुझ्याकडची आहे.

लिहू की नको, चार दिवस विचार केला. पण चूक दिसल्यावर कडेला खूण न करता कागद पुढे ढकलणं मला येत नाही.

बाबांना परवा खिडकीजवळची खाट मिळाली.

तुझी,
ताई


६ ऑक्टोबर

धाकट्या,

दोन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. रागावलास का? मी माझी नोंद मागे घेणार नाही, पण उत्तर लिही. नुसतं 'मिळालं' लिहिलंस तरी चालेल.

ताई


२० ऑक्टोबर

ताई,

सा. न.

मिळालं. दोन्ही मिळाली.

रागावलो होतो. तुझ्यावर नाही म्हटलं तर खोटं होईल. दोन महिन्यांचं काम आणि बहीण म्हणते दातांचा दवाखाना. तीन-चार दिवस टाकीकडे फिरकलो नाही. मग तिथल्या रखवालदार बाईंना खाली बोलावलं आणि लावून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ते वरचं कर्कश बंद करता येईल का? बाकी बरं वाटतं." म्हणजे त्या रोज ऐकत होत्या. मला वाटत होतं डोकं दुखतं म्हणून त्या दाराबाहेर बसतात. त्यांना वाटत होतं, मला तसंच हवंय.

दोष रेकॉर्डरच्या चार्जरचा. टाकीत रेकॉर्डिंग करताना तो लावलेला होता, त्याची शिट्टी आत गेली आणि दर फेरीला टाकीने ती मोठी केली. गाळून टाकता आली असती. पण गाळल्यावर गेली की नाही, कोण सांगणार? परत तू किंवा रखवालदार बाई. स्वतःच्या कामाच्या दाराशी उभं राहून आत कोण आहे ते दुसऱ्याला विचारायचं, हे मला जमेना.

तेव्हा सगळं पुसलं. बावीसच्या बावीस फेऱ्या. मग चार्जर काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, त्याच खोलीने. या वेळी मी कानावर विसंबलो नाही. खांबाला तळहात लावून बसायचो. जे हाताला लागतं ते ठेवलं, लागत नाही ते सोडलं. काम फार कमी उरलंय ताई. पूर्वीच्या मानाने काहीच नाही. चाळीस मिनिटांत पाच-सहा जाड सूर, आणि त्यांच्यामधली मोकळी जागा. काल संपलं. चांगलं झालंय का, मला खरंच माहीत नाही, आणि ते कळायची इच्छाही फारशी उरली नाही.

टाकीवाल्यांना कानाचं सांगून टाकलं. मला वाटलं काढून टाकतील. त्यांच्या साहेबांनी विचारलं, "मग पायऱ्यांवर दिवे वाढवायचे का?" बहिरा आणि आंधळा यातला फरक समजावण्यात पंधरा मिनिटं गेली.

प्रदर्शन बारा नोव्हेंबरला सुरू होतं. माझा बेत असा: मी तिकडे येतो आणि रोज बाबांकडे बसतो. तू इकडे ये. माझ्या खोलीत राहा, टाकीत जाऊन बस, आणि काही बिघडलं तर रखवालदार बाईंना सांग. मी इथे असून नसून सारखाच, मला बिघडलेलं कळणार नाही. तुला कळेल.

नाही म्हणू नकोस. तू घर सोडून शेवटची कधी गेली होतीस ते मला आठवत नाही. तुला आठवतंय का?

तुझा,
धाकटा


१५ नोव्हेंबर

ताई,

सा. न.

आज चौथा दिवस. केंद्रातल्या सगळ्या बायका मला 'ताईंचा भाऊ' म्हणतात, माझी दुसरी ओळखच नाही. तू बाबांना पाणी कसं पाजतेस, उशी कुठल्या कुशीला लावतेस, ते सगळं त्या मला तुझा दाखला देऊन शिकवतात. "ताई असं करत नाहीत हो!" दिवसातून दहा वेळा.

पहिल्या दिवशी बाबांनी बराच वेळ बघितलं. ओळखलं की नाही, सांगता येत नाही. मग चांगला हात पुढे करून माझी हनुवटी धरली आणि डोकं इकडून तिकडे फिरवलं. बॉयलर बघितल्यासारखं. ठोकून बघतात की काय असं वाटलं.

मी त्यांना कानाचं सांगितलं. मोठ्याने सांगावं लागलं, कारण त्यांना ऐकू येत नाही, आणि ते काय म्हणतात ते कळायला मला त्यांच्या तोंडाकडे बघावं लागत होतं. पलीकडच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "अहो, आम्हाला सगळं ऐकू येतंय!" मी म्हटलं, बाबा, वर्षभर आलो नाही, चुकलो. ते म्हणाले, राहू दे. आता हे मला म्हणाले की अंगावरून सरकलेल्या शालीबद्दल म्हणाले, ते तूच सांग. मी दोन्ही धरलं. शालही तशीच राहू दिली.

ते दुपारी झोपले की मी नुसता बसतो. दोन तास. तू हे वर्षानुवर्षं केलंस, वर स्वयंपाक, वर प्रुफं. माझी चार दिवसांत पाठ धरली. तुझ्याबद्दल मोठं काहीतरी लिहावंसं वाटतंय, पण तू ते वाचताना आधी ऱ्हस्व-दीर्घ बघशील.

टाकीचं काय ते कळव. वाईट असलं तरी कळव.

तुझा,
धाकटा


१९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

अ. आ.

तुझी खोली आधी झाडली. टेबलाखाली सात हेडफोन आणि एक मोजा निघाला.

आता टाकीचं. पहिले पाच दिवस वही-पेन्सिल घेऊन उतरले. बेचाळीस पायऱ्या आहेत. खाली गार लागतं, तुझा जुना कोट घालून जाते. रोज तीन-चार खेळ ऐकले. माणसं येतात, थोडा वेळ बसतात. एका जोडप्याने मला विचारलं, "सुरू कधी होणार?" तेव्हा एकोणिसावं मिनिट चालू होतं. एक बाई भाजीच्या पिशव्या घेऊन येतात, रोज बरोब्बर वीस मिनिटं डोळे मिटून बसतात आणि निघून जातात. त्यांना मी विचारलं, काय आवडतं यात? त्या म्हणाल्या, "इथे मला कोणी काही मागत नाही."

पाचव्या दिवशी वही बघितली तर कोरी. तारीख तेवढी होती. शिट्टी नाही, किरकिर नाही, कडेला खूण करण्यासारखं काही नाही. असं माझ्या आयुष्यात एकाही कागदाचं झालेलं नाही. तुला चांगलं की वाईट हे नको होतं, म्हणून एवढंच सांगते.

काल वही नेलीच नाही. खांबाला पाठ लावून बाकावर बसले. पहिला सूर पाठीतून आला, कानातून नाही. दुसरा कधी आला ते मला माहीत नाही, कारण मी झोपले. पेंगले नाही, झोपले. तोंड उघडं टाकून. रखवालदार बाईंनी नंतर सांगितलं, मी घोरत होते. एका तरुणाने त्यांना विचारलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे का? त्या हो म्हणाल्या. त्यांनी माझ्या डोक्याखाली त्यांची पिशवी ठेवली तेही मला कळलं नाही. तुझे साडेतीन खेळ माझ्या अंगावरून गेले.

जाग आली आणि घड्याळात चार वाजलेले. बाबांची औषधं! मी चप्पल न घालता पायऱ्या चढत सुटले. वीसेक चढून गेल्यावर आठवलं की औषधं तिकडे आहेत, बाबा तिकडे आहेत आणि त्यांच्याजवळ तू आहेस. मला कुठेच पोचायचं नव्हतं. तिथेच पायरीवर बसले. रडले नाही. खोटं कशाला, थोडी रडले. वरून एक आजी उतरत होत्या, त्यांनी विचारलं, "फार वाईट आहे का हो?" मी म्हटलं, नाही, जाऊन बसा, गार आहे जरा.

दोन गोष्टी ठरवल्या. बाबांना घरी आणायचं नाही. हे मी म्हणते आहे, तू म्हणू नकोस. पण आता एकटी जाणार नाही. महिन्यातला एक आठवडा तुझा. तुझं काम तिथेही होईल, त्या केंद्रात घुमणाऱ्या खोल्या पुष्कळ आहेत. दुसरं, कानात यंत्र बसवून घे. परवा तुझ्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन पुढच्या महिन्याच्या पाच तारखेची वेळ घेऊन आले. यात तुझं मत विचारलेलं नाही.

शनिवारी निघणार होते. रखवालदार बाई म्हणाल्या, रविवारी टाकी बंद असते, त्यांना सुट्टी, आणि नदीकाठी एक लांबच लांब रस्ता आहे, चालायला याल का? चालत चालत कुठे जायचं, विचारलं, तर म्हणाल्या, कुठे नाही. मी हो म्हटलं. तिकीट बदलून मंगळवारचं केलंय.

तू तीन दिवस जास्त बस.

तुझी,
ताई